पुरुष-ताऱ्याची घडण : हिंदी चित्रपटातील नायकपदाची स्थित्यंतरे

१. प्रश्न आणि व्याख्या

हिंदी चित्रपटाचा इतिहास आपल्याकडे बहुधा नायकांच्या नावांनी सांगितला जातो. सैगलचा काळ, दिलीप-राज-देवचा काळ, राजेश खन्नाची झपाटलेली तीन वर्षे, अमिताभचे दशक आणि मग तीन खान. ही नामावळी सोयीची आहे, पण मुख्य प्रश्नाला ती हात घालत नाही. एक नायक मावळला की त्याच साच्यातला दुसरा का उभा राहत नाही? राजेश खन्नाच्या जागी दुसरा राजेश खन्ना आला नाही, त्याच्या अगदी उलट स्वभावाचा नट आला. अमिताभच्या जागीही दुसरा अमिताभ आला नाही. माणूस बदलतो तेव्हा साचाही का बदलतो, हे शोधणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

त्यासाठी नट, नायक आणि तारा या तीन पायऱ्या वेगळ्या करायला हव्यात. भूमिका वठवतो तो नट. कथा ज्याच्याभोवती फिरते तो नायक. चित्रपट तयार होण्याआधीच ज्याच्या नावावर पैसा उभा राहतो तो तारा. ही व्याख्या व्यापारी वाटेल, पण हिंदी चित्रपटाचा व्यवहार याच पायावर उभा राहिला. देशाचे वितरणासाठी विभाग पाडलेले होते : मुंबई, दिल्ली-उत्तर प्रदेश, पूर्व पंजाब, निजाम, सीपी-बेरार इत्यादी. विदर्भातील चित्रगृहे व्यापाराच्या भाषेत आजही सीपी-बेरारमध्येच मोडतात. निर्माता नायकाचे नाव जाहीर करी, मुहूर्त करी आणि त्या नावाच्या बळावर विभागवार वितरकांकडून आगाऊ रक्कम उचली. हमीची ही रक्कम ‘एमजी’ म्हणून ओळखली जाई. म्हणजे तारा हे निर्मात्याने ठेवलेले तारण होते. त्याच्या अभिनयाची वा देखणेपणाची चर्चा करताना हे तारणमूल्य विसरले की स्थित्यंतरांचे कारण हाती लागत नाही.

२. चार घटक

ताऱ्याची घडण चार घटकांनी ठरते असे माझे प्रतिपादन आहे. पहिला घटक भांडवल : चित्रपटात पैसा कोण घालतो आणि कशाच्या भरवशावर. दुसरा तंत्र : ध्वनी, पार्श्वगायन, रंग, कॅसेट, डिजिटल प्रक्षेपण. तिसरा प्रेक्षागृह : तिकीट कोण काढतो आणि तो पिटात, म्हणजे खालच्या स्वस्त वर्गात बसतो, बाल्कनीत बसतो की घरी. चौथा नायकप्रतिमा : पडद्यावरचा नायक पोटासाठी काय करतो आणि त्याचे भांडण कोणाशी आहे.

यांपैकी पहिले तीन घटक आधी हलतात आणि चौथा त्यांच्यामागून बदलतो. समाजाची मनःस्थिती बदलली म्हणून नायक बदलला, हे नेहमीचे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. समाजाच्या मनात एकाच वेळी अनेक भावना नांदत असतात. त्यांतली कोणती पडद्यावर येणार, हे तिकिटाचा पैसा कोणाच्या खिशातून येतो यावर अवलंबून असते.

३. पगारी नायक : १९३१ ते १९४३

पहिल्या भारतीय बोलपटाचा, ‘आलम आरा’चा (१९३१) नायक मास्टर विठ्ठल हा मराठी नट होता. मूकपटांत मारधाडीच्या कामांनी तो लोकप्रिय झाला होता. शब्दांची गरज नसलेल्या पडद्यावर चपळ शरीर पुरेसे होते. बोलपटाने शब्दोच्चार आणि गळा मागितला, आणि तालमीत कमावलेल्या त्या शरीराची किंमत एकदम घसरली. तंत्राने नायकपदाचा निकष बदलल्याचे हे पहिले ठळक उदाहरण.

नव्या निकषाला पुरा उतरला तो कुंदनलाल सैगल. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा ‘देवदास’ (१९३५) त्याच्या आवाजावर उभा होता. मात्र त्याच वर्षी, त्याच संस्थेच्या ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायनाचा वापर झाला आणि गाता नट हे समीकरण सैल होऊ लागले. सैगलचे १९४७ च्या जानेवारीत निधन झाले तोवर गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, ही पद्धत रुळली होती. पुढच्या पिढीचे तिन्ही मोठे नायक स्वतः गात नव्हते.

या काळात न्यू थिएटर्स, प्रभात आणि बॉम्बे टॉकीज या संस्थांत नट मासिक पगारावर काम करी. प्रेक्षक प्रभातची तुतारी पाहून तिकीट काढी. भरवसा संस्थेचा होता, नटाचा नव्हे. बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अशोक कुमारला ‘जीवन नैया’त (१९३६) नायक करण्यात आले ते संस्थाचालक हिमांशू राय यांच्या निर्णयाने. अशा व्यवस्थेत लोकप्रिय नायक असू शकतो, पण वरच्या व्याख्येतला तारा असू शकत नाही. त्याच संस्थेच्या ‘किस्मत’मध्ये (१९४३) अशोक कुमारने पाकीटमार रंगवला आणि कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. नटाचे नाव संस्थेपेक्षा मोठे होऊ शकते, हे बाजाराला तेव्हा उमगले.

४. तारण म्हणून नाव : १९४४ ते १९६०

दुसऱ्या महायुद्धाने दोन गोष्टी केल्या. कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले आणि काळ्या बाजारात कमावलेल्या पैशाला वाट हवी झाली. युद्ध संपून नियंत्रण उठताच हा पैसा नवख्या निर्मात्यांमार्फत चित्रपटात शिरला. या निर्मात्यांपाशी स्टुडिओ नव्हता, लौकिक नव्हता, पगारी नट नव्हते. वितरकाला दाखवायला एकच गोष्ट होती : करारबद्ध केलेल्या नायकाचे नाव. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात हेच नोंदवले. जुन्या संस्थांकडचे नेतृत्व तारे, सावकार आणि वितरक यांच्या हाती गेले, असा तिचा निष्कर्ष होता. हिंदी चित्रपटातले तारापद खऱ्या अर्थाने येथे जन्मले.

दिलीप कुमार, राज कपूर आणि देव आनंद हे तिघे याच घडामोडीची अपत्ये होत. दिलीप बॉम्बे टॉकीजच्या ‘ज्वार भाटा’तून (१९४४) आणि देव पुण्यात प्रभातच्या ‘हम एक हैं’मधून (१९४६) आला. मावळत्या संस्थांनी नट घडवले आणि त्यांचे तारणमूल्य नव्या व्यवस्थेने वापरले. राज कपूरने १९४८ मध्ये ‘आग’ने आर. के. फिल्म्सचा आरंभ केला आणि देव आनंदने १९४९ मध्ये नवकेतन स्थापन केली. आपल्या नावावर इतरांनी पैसा उचलण्यापेक्षा आपणच उचलावा, हे या दोघांनी ओळखले होते. ‘बरसात’च्या (१९४९) यशातून चेंबूरचा आर. के. स्टुडिओ उभा राहिला.

तिघांच्या नायकप्रतिमा भिन्न होत्या. ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) यांतला राज शहराच्या पदपथावरचा भाबडा उपरा होता. ‘बाजी’ (१९५१) आणि ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधला (१९५४) देव त्याच शहराला सरावलेला, चलाख तरुण. ‘देवदास’मध्ये (१९५५) आतल्या आत जळणारा दिलीप ‘नया दौर’मध्ये (१९५७) यंत्राशी झुंजणारा टांगेवाला झाला. तरीही एक धागा समान होता : तिघांच्याही नायकांना पोटाची चिंता होती आणि नव्या राष्ट्रात आपली जागा कोणती, हा त्यांचा प्रश्न होता. खेड्यातून शहरात लोटलेला प्रेक्षक चित्रगृहाच्या खालच्या वर्गात बसत होता. त्याचीच चिंता पडद्यावर होती.

पार्श्वगायनाने या ताऱ्यांना दुसरे आयुष्य दिले. मुकेशचा आवाज राज कपूरशी असा जोडला गेला की चित्रपट उतरल्यावरही नायक कानात राहिला. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते मागे पडली, तेव्हा रेडिओ सिलोनच्या बिनाका गीतमालेने ती पोकळी भरून काढली. त्यामुळे ताऱ्याची उपस्थिती चित्रगृहाबाहेर, घराघरांत पोहोचली.

५. रंग, जुबिली आणि एका उन्मादाची तीन वर्षे

साठच्या दशकात रंगीत चित्रपट सर्रास झाला आणि नायक पदपथावरून उठून डोंगरावर गेला. शम्मी कपूरच्या ‘जंगली’ने (१९६१) काश्मीर, बर्फ आणि बेभान अंगविक्षेप यांचे नवे मिश्रण दिले. रंगाला निसर्ग हवा होता, निसर्गात हिंडायला फुरसत हवी होती आणि फुरसतीला श्रीमंत बाप हवा होता. नायकाची पोटाची चिंता अशी तंत्राच्या ओघात गळून पडली. राजेंद्र कुमारला ‘जुबिली कुमार’ म्हणत. एकाच चित्रगृहात पंचवीस आठवडे हे तेव्हाचे यशाचे माप होते. ते गाठायला तोच प्रेक्षक पुन्हा पुन्हा यावा लागे आणि त्याला परत आणीत ती गाणी.

गिरगावात वाढलेला राजेश खन्ना १९६५ च्या निर्मात्यांच्या गुणशोध स्पर्धेतून पुढे आला आणि ‘आराधना’ने (१९६९) त्याला शिखरावर नेले. मान तिरकी करणे, पापण्या मिटणे, किशोर कुमारचा आवाज : त्याची मोहिनी सगळी जवळिकीची होती. प्रेक्षकातला स्त्रीवर्ग त्याच्या यशाचा मोठा आधार होता. ‘आनंद’मध्ये (१९७१) त्याचा नायक हसत मरतो आणि सर्वांना आपलेसे करून जातो. हा नायक कोणाशीही भांडत नाही. त्याच्या मोहिनीचे बळ यात होते आणि तिची मर्यादाही यातच होती.

६. गाणे न गाणारा नायक : १९७३ ते १९८४

हृषीकेश मुखर्जींचा ‘नमक हराम’ (१९७३) हा संक्रमणाचा उत्तम दस्तऐवज आहे. गिरणीतला संप, मालकाचा मुलगा आणि कामगारांत मिसळून त्यांचाच झालेला त्याचा मित्र. मित्र राजेश खन्ना होता आणि मालकाचा मुलगा अमिताभ बच्चन. सहानुभूतीच्या सगळ्या जागा कथेने राजेशला दिल्या होत्या, तरी लक्षात राहिला तो अमिताभचा धुमसता राग.

त्याच वर्षी ‘जंजीर’ आला होता. पटकथाकार सलीम-जावेद यांच्या या कथेतला नायक गाणे म्हणत नाही. ‘दीवार’मधला (१९७५) विजयही गात नाही, गाणी धाकट्या भावाच्या वाट्याला येतात. नायक म्हणजे गाणारा, हे सैगलपासूनचे गृहीत येथे मोडले. गाण्याची जागा बोलण्याच्या आवाजाने घेतली. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये (१९६९) केवळ निवेदनासाठी वापरलेला अमिताभचा खर्ज आता संवादाचे शस्त्र झाला. पटकथाकार हा या तारापदाचा सहनिर्माता होता, हे सलीम-जावेद यांच्या वाढत्या मानधनाने आणि पोस्टरवरच्या त्यांच्या ठळक नावांनी सिद्ध केले.

महागाई, १९७४ चा रेल्वे संप आणि १९७५ ची आणीबाणी ही पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे. तिच्याइतकेच प्रेक्षागृह महत्त्वाचे होते. हजार-हजार आसनांची चित्रगृहे, खालच्या वर्गाचे स्वस्त तिकीट आणि त्यावर शिट्टी वाजवणारा गोदी, गिरणी, बाजार यांतला तरुण कामगार. ‘दीवार’चा विजय गोदीत हमाली करतो आणि ‘कुली’चा (१९८३) नायक रेल्वे स्थानकावर. ‘शोले’ (१९७५) मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला तो याच प्रेक्षकाच्या बळावर.

याच वर्षांत दुसरा प्रवाहही वाहत होता. अमोल पालेकर हा मराठी रंगभूमीवरून आलेला नट ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’ आणि ‘गोलमाल’ (१९७९) यांत बसच्या रांगेत उभा राहणारा कारकून झाला. मध्यमवर्गाला आपला चेहरा त्याच्यात दिसला. एकाच दशकातले हे दोन नायक प्रेक्षागृहाच्या दोन मजल्यांचे प्रतिनिधी होते. वितरकाचा हिशेब मात्र खालच्या मजल्यावर चाले, म्हणून तारा अमिताभ ठरला आणि पालेकर आवडता नट राहिला.

७. कॅसेट, कुटुंब आणि परदेश : १९८८ ते २०००

ऐंशीच्या दशकात खालच्या मजल्याचा हा पाया खचला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि लालबाग-परळच्या कामगाराचा पगार थांबला. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. व्हिडिओ घरोघरी आला आणि मध्यमवर्गीय कुटुंबाने चित्रगृहाकडे पाठ फिरवली. मारधाडपटांच्या साच्यात अनेक नट आले, पण तो राग ऐकणारा प्रेक्षकच विखुरला होता.

उत्पन्नाची नवी वाट स्वस्त कॅसेटने उघडली. गाणी विकली गेली तर चित्रपटाच्या खर्चाचा मोठा भाग आधीच वसूल होऊ लागला. गाण्यांना प्रेमी हवा होता आणि प्रेमी कोवळा हवा होता. ‘कयामत से कयामत तक’मधला (१९८८) आमिर आणि ‘मैंने प्यार किया’मधला (१९८९) सलमान या मागणीतून उभे राहिले. ‘हम आपके हैं कौन’ने (१९९४) लग्नघराचा सोहळा मांडून कुटुंबाला चित्रगृहात परत आणले. त्यातला नायक सुखवस्तू घरातला आहे आणि त्याग ही त्याची एकमेव कसोटी आहे.

शाहरुख खानचा मार्ग वेगळा होता. चित्रपट-घराण्याबाहेरचा हा तरुण दूरदर्शनच्या ‘फौजी’तून आला. ‘बाजीगर’ आणि ‘डर’ (दोन्ही १९९३) यांत त्याने रागाच्या जुन्या साच्याचा विकृत शेवट दाखवला, आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये (१९९५) नवा साचा घालून दिला. लंडनमध्ये वाढलेला हा नायक प्रेयसीला पळवून नेत नाही. तिच्या वडिलांच्या संमतीसाठी थांबतो. १९९१ नंतरच्या खुल्या बाजारात सुखवस्तू झालेल्या आणि परदेशी स्थिरावलेल्या भारतीयाला आधुनिकता आणि घरचे संस्कार दोन्ही एकत्र हवे होते. परदेशातले तिकीट रुपयांत मोजले की अनेक पटींनी भरे, त्यामुळे तो प्रेक्षक संख्येने कमी असूनही वजनदार ठरला. ‘दीवार’च्या नायकाला काम होते, या नायकाच्या कामाचा कथेत पत्ताच नाही.

या प्रवाहाविरुद्ध ठामपणे उभा राहिलेला नट म्हणजे नाना पाटेकर. ‘अंकुश’ (१९८६), ‘प्रहार’ (१९९१) आणि ‘क्रांतिवीर’ (१९९४) यांत बेकारीचा आणि नागरी संतापाचा आवाज त्याने जिवंत ठेवला.

८. आठवड्याअखेरचा तारा : २००१ ते २०१९

१९९८ मध्ये चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा जाहीर झाला आणि पुढे संस्थात्मक भांडवलाची दारे उघडली. दिल्लीत १९९७ मध्ये पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले होते. महाराष्ट्रातही करसवलतीमुळे ते झपाट्याने पसरले. तिकीट महागले, पिट नाहीसा झाला. डिजिटल प्रक्षेपणामुळे चित्रपट एकाच दिवशी हजारो पडद्यांवर लावता येऊ लागला. त्यासरशी यशाचे मापही बदलले. पंचवीस आठवड्यांची जुबिली गेली आणि पहिल्या तीन दिवसांचा गल्ला आला. आमिर खानच्या ‘गजनी’ने (२००८) देशात शंभर कोटींचा टप्पा प्रथम ओलांडला आणि ‘शंभर कोटी’ ही पदवी झाली.

ताऱ्याचे काम आता शुक्रवारी दार उघडून देण्याचे होते. जाहिरात, दूरचित्रवाणी, उपग्रह हक्क आणि स्वतःची निर्मितीसंस्था यांमुळे त्याचे उत्पन्न अनेक वाटांनी येऊ लागले. १९६५ मध्ये जन्मलेले तिन्ही खान पन्नाशी ओलांडूनही नायक राहिले, याचे मुख्य कारण येथे आहे. राजेश खन्ना केवळ तिकीटबारीवर उभा होता. सलग काही चित्रपट पडले आणि त्याची सद्दी संपली. या तिघांना अपयश पचवण्याइतके आधार होते.

मल्टिप्लेक्सने आणखी एक वाट दिली. छोट्या पडद्यांवर मोजका प्रेक्षकही पुरत असल्याने इरफान, नवाजुद्दीन सिद्दिकी, राजकुमार राव आणि आयुष्मान खुराना यांना जागा मिळाली. ‘विकी डोनर’ (२०१२) अशाच जागेतून आला. छोट्या शहरांतला आणि एकपडदा चित्रगृहांतला प्रेक्षक मात्र उपाशी राहिला. त्याची भूक ‘वाँटेड’ (२००९), ‘दबंग’ (२०१०) आणि ‘सिंघम’ (२०११) यांनी भागवली. ‘वाँटेड’ मूळ तेलुगू, ‘सिंघम’ मूळ तमिळ आणि ‘गजनी’ही मूळ तमिळ. हिंदी चित्रपटाने पिट सोडला, तेव्हा पिटाचा नायक त्याला दक्षिणेतून उसना आणावा लागला.

९. तारणाची घसरण : २०१५ पासून पुढे

उसनवारी फार काळ टिकत नाही. उपग्रह वाहिन्यांवर वर्षानुवर्षे दाक्षिणात्य चित्रपटांची हिंदी रूपे पाहिलेला प्रेक्षक मूळ नायकाकडेच वळला. ‘बाहुबली’च्या दुसऱ्या भागाने (२०१७) हिंदीत पाचशे कोटींचा पल्ला ओलांडला. त्यात नायक प्रभासला हिंदी आवाज शरद केळकरने दिला आणि ‘पुष्पा’मध्ये (२०२१) अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेने, दोघेही मराठी नट. १९३५ मध्ये गळा आणि चेहरा वेगळे झाले होते. आता बोलता आवाज आणि चेहराही वेगळे झाले आणि प्रेक्षकाला ते खटकले नाही.

महासाथीच्या काळात ओटीटीने घरचा पडदा पक्का केला. ‘स्कॅम १९९२’ (२०२०) या मालिकेचे यश कोणत्याही रूढ ताऱ्याच्या नावावर उभे नव्हते. २०२२ मध्ये आमिरचा ‘लाल सिंग चड्ढा’ आणि अक्षय कुमारचा ‘सम्राट पृथ्वीराज’ कोसळले. २०२३ मध्ये शाहरुखच्या ‘पठाण’ आणि ‘जवान’ने विक्रम केले, पण त्यांतली प्रतिमा नव्वदच्या प्रेमिकाची नव्हती, दक्षिणेने रूढ केलेल्या शस्त्रधारी पुरुषाची होती. २०२५ मधील ‘छावा’त विकी कौशलचे काम दमदार आहे. तरी महाराष्ट्रातला प्रेक्षक गर्दी करून गेला तो छत्रपती संभाजी महाराजांसाठी. त्याच वर्षी ‘सैयारा’ नवोदित नायकाला घेऊन चालला. विषय, गाणी, चित्रपटमालिकेचे नाव यांपैकी काहीही आज तारण होऊ शकते. नटाचे नाव हे त्यांपैकी केवळ एक उरले आहे.

१०. आक्षेप आणि निष्कर्ष

या मांडणीवर एक रास्त आक्षेप येतो. सारे काही भांडवल, तंत्र आणि प्रेक्षागृहावर सोपवले तर दिलीप कुमारच्या मौनाचे आणि अमिताभच्या डोळ्यांचे काय? उत्तर असे, की व्यवस्था जागा तयार करते, माणूस ती भरतो. १९७३ मध्ये संतप्त नायकाची जागा तयार होती. ती अमिताभने भरली हे त्याचे कर्तृत्व. पण तोच अमिताभ त्याआधीची चार वर्षे तसाच गुणी असूनही चाचपडत होता, हेही तितकेच खरे. तारा कोण होणार हे गुणवत्ता ठरवते. तारा कसा असणार हे व्यवस्था ठरवते.

नायकप्रतिमेचा क्रम या दृष्टीने पुन्हा पाहावा : पाकीटमार, टांगेवाला, हमाल, मग काम नसलेला प्रेमिक, मग पोलिस, आणि आता शस्त्रधारी योद्धा. कष्टाने पोट भरणारा माणूस या क्रमातून निघून गेला, कारण तिकीट काढणाऱ्यांतून तो आधीच निघून गेला होता. हिंदी चित्रपटाच्या नायकपदाचे हे सर्वांत मोठे नुकसान आहे असे मला वाटते. ते नव्या चेहऱ्याने भरून येणार नाही, परवडणाऱ्या तिकिटाने भरून येऊ शकते.

एक विनंती अभ्यासकांना आणि चित्रगृहमालकांना. ताऱ्यांच्या मुलाखती आणि छायाचित्रे जपली जातात. वितरकांचे करार, तिकीटबारीच्या वह्या आणि वर्गवार विक्रीचे हिशेब रद्दीत जातात. गावोगावची एकपडदा चित्रगृहे बंद होत असताना हे कागद पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे किंवा जवळच्या विद्यापीठाकडे सोपवावेत. नायकाला तारा कोणी केले, याचा खरा पुरावा त्या वह्यांत आहे.